टबातली चकती

कणीक मळून झाली होती. ती झाकायला मी ताटली शोधत होते, तेवढ्यात छताचा एक तुकडा धपकन ओट्यावर पडला. तळहाताएवढा असेल, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्याच्यामागोमाग पाण्याची बारीक धार आली आणि नेमकी परातीत पडायला लागली. माझा हात आपोआप पोटावर गेला आणि मी मागे सरकले. सातवा महिना चालू होता.

मी हाक मारली नव्हती, तरी माझे सासरे, तात्या, जिन्यावरून धावत खाली आले. केस ओले, बनियन उलटा, खांद्यावर पंचा. स्वयंपाकघराच्या दारात थबकून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग वर छताकडे. छताला भोक पडलं होतं आणि त्याच्याभोवती चहा सांडल्यासारखा पिवळट डाग दूरवर पसरला होता.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कणीक गेली फक्त."

ते पुढे आले, परात उचलून बाजूला ठेवली, धारेखाली पातेलं लावलं. पाणी थोड्या वेळाने आपोआप थांबलं. तात्या मात्र त्या डागाकडे बघत तसेच उभे राहिले, आणि मग वर निघून गेले. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवायलाही उशिरा आले.

ओहायोतलं आमचं ते पहिलं घर. जुनं, दुमजली, लाकडी. वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, खाली बैठक, स्वयंपाकघर आणि एक छोटा शॉवर. घर घेतलं त्याच वर्षी माझ्या सासूबाई, माई, भिलवडीला अचानक वारल्या. माझ्या बाळंतपणाला त्याच यायच्या होत्या. मग माझी आई यायचं ठरलं, तर अकोल्याला अंगणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझ्या नवऱ्याचं, सुहासचं, म्हणणं पडलं की तात्यांना गावी एकटं ठेवायचं नाही, आणि डिसेंबरात त्याने त्यांना इकडे आणलं. लोक बाळंतपणाला सासू किंवा आई आणतात, माझ्याकडे सासरे आले. मैत्रिणींना याची गंमत वाटायची.

तात्या म्हणजे मोहिते सर. हायस्कुलात पी.टी.चे शिक्षक होते. उंच, ताठ, अगदी मोजकं बोलणारे. माझ्याशी तर फारच कमी. "सूनबाई, जेवण छान झालं," हे रोजचं वाक्य. बाकी जे काही सांगायचं ते सुहासमार्फत. मी खोलीत आले की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. तो त्यांच्या दृष्टीने मान होता. मला मात्र वाटायचं, यांना इथे करमत नाही आणि मी काही फारशी आवडतही नाही. तरी मी तपासणीला निघाले की गाडीवरचा बर्फ आधीच कुणीतरी झाडून ठेवलेला असायचा. लसूण सोललेली असायची. त्याबद्दल ना ते कधी बोलले, ना मी.

सुहास त्या हिवाळ्यात आठवडाभर बाहेरगावी असायचा, शनिवार-रविवारी घरी. त्या आठवड्यात तर तो शनिवारीही येणार नव्हता. रात्री त्याचा फोन आला तेव्हा छताचं मी सांगितलंच. तो म्हणाला, वरचं न्हाणीघर बंद ठेवा, खालच्या शॉवरवर भागवा, मी आल्यावर बघतो. मग त्याने फोन तात्यांना द्यायला सांगितला. मी भांडी आवरत होते. तात्या शेजारच्या बैठकीत होते, पण मधलं दार उघडं होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

"माझं उन्हाळ्याचं तिकीट अलीकडचं करून घे," ते म्हणत होते. "जमेल तेवढं लवकर. नाही, तसं काही नाही. घरात पुरुष माणूस काय कामाचा अशा वेळी? अडचणच."

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. परक्यासारखा वागणारा माणूस घरातून जाणार होता. पण मला एकदम त्या मोठ्या घराच्या दुपारी आठवल्या. बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात मी एकटी, पोटात बाळ घेऊन. मी बैठकीत गेले नाही. काय म्हणणार होते? राहा, असं सांगण्याइतकीसुद्धा आमची ओळख नव्हती.

झोपताना एवढं मात्र लक्षात आलं की तिकिटाचा आणि त्या छताचा काहीतरी संबंध आहे. दुपारपर्यंत त्यांनी जाण्याचा विषय काढला नव्हता.

शनिवारी सकाळी मी प्लंबरांना फोन लावत बसले. त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की गावभर नळ गोठून फुटले होते. एकाने पुढच्या आठवड्यातला वार दिला, बाकीच्यांनी तोही नाही. मग मी संगणकावर शोधलं. टबाच्या नळाखाली वाटीच्या तोंडाएवढी एक चकचकीत चकती असते. टब जास्त भरला तर जादा पाणी त्या चकतीमागच्या भोकातून पाइपात जावं, म्हणून ती सोय. चकतीला एक छोटी दांडी असते, ती वर-खाली केली की टबाचं बूच बसतं किंवा उघडतं. चकतीच्या मागे, टब आणि पाइप यांच्यामध्ये, रबराची जाड कडी असते. ती कुजली की पाणी पाइपात न जाता मागच्या मागे खाली उतरतं आणि छत भिजवतं. दोन स्क्रू काढायचे, चकती नि रबर बदलायचं, दोन स्क्रू लावायचे. घरच्या घरी होणारं काम, असं लिहिलं होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ही गळती शॉवरने होत नाही. टब त्या चकतीपर्यंत काठोकाठ भरला, तरच होते.

ती ओळ मी पुन्हा वाचली. सुहास आणि मी कधीच टब भरत नव्हतो. उभ्याने शॉवर घ्यायचा आणि पळायचं.

मी पानं छापून घेतली आणि तात्यांच्या खोलीत गेले. ते बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालत होते.

"तात्या, मला एक मदत पाहिजे," मी म्हणाले. "टबाची चकती बदलायची आहे. मला पोटामुळे वाकता येत नाही."

त्यांनी हातातली घडी बॅगेत ठेवली. मग म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, सूनबाई. घरी पंपाचा वायसरसुद्धा माईच बदलायची."

"मलाही कळत नाही. मी वाचून दाखवते, तुम्ही करा."

त्यांनी बाह्या वर केल्या. पायजमा दुमडून ते कोरड्या टबात उतरले आणि नळाकडे तोंड करून मांडी घालून बसले. मी बाहेर स्टुलावर बसून इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागले. काठोकाठची ती ओळ मी गाळली.

पहिला स्क्रू सहज निघाला. दुसरा काही हलेना. तात्यांनी जोर लावला तसा त्याचा माथा झिजायला लागला. मी म्हणाले, यावर मारायचं काही तेल असतं म्हणे, आपल्याकडे नाही. तात्या थोडा विचार करून म्हणाले, खोबरेल चालेल का? थंडीने बाटलीतलं खोबरेल मेणासारखं घट्ट झालं होतं. मी ते पळीत गरम करून आणलं आणि त्यांनी कापसाच्या बोळ्याने स्क्रूवर लावलं, बाळाच्या टाळूला लावावं तसं. मग तेल मुरेपर्यंत थांबायचं म्हणून मी चहा केला. तात्यांनी चहा टबात बसूनच घेतला. मी स्टुलावर, ते टबात, असे आम्ही चहा पीत बसलो. न्हाणीघरभर खोबरेलाचा वास पसरला होता.

तेवढ्या वेळात त्यांनी चष्मा लावून ते कागद हातात घेतले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पहिलं पान उलटलं होतं. मोहिते सरांचं इंग्रजी चांगलं होतं. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"ही ओळ वाचली नाहीत," ते म्हणाले.

"राहिली असेल."

त्यांनी कागद घडी घालून टबाच्या काठावर ठेवला. कपबशी माझ्या हातात दिली. पुन्हा पेचकस घेतला आणि स्क्रूवर असा जोर लावला की तो करकरत फिरला.

चकती हातात आली. तिच्यामागून दांडीला अडकलेली एक लांब सळई निघाली, केसांनी आणि काळ्या बुरशीने माखलेली. तात्यांनी भोकात दोन बोटं घालून रबर ओढलं. शिळ्या भाकरीच्या कडेसारखे त्याचे तुकडे पडत होते. ते सगळे त्यांनी वेचून रुमालात बांधले. दुकानात नमुना दाखवायला लागेल, म्हणाले.

हार्डवेअरच्या दुकानात मी गाडी घेऊन गेले, तात्या शेजारी. रुमालाची पुरचुंडी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. काउंटरवरच्या बाईने ते तुकडे एकत्र जुळवून पाहिले आणि आत जाऊन तसंच रबर, नवी चकती आणि दोन लांब स्क्रू आणून दिले. रबर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतं. जाड बाजू खाली, हे तिने दोनदा बजावलं. मग माझ्या पोटाकडे बघून हसली आणि विचारलं, सोबत वडील आलेत का?

"हो," मी म्हणाले.

ते मी का म्हणाले, मला माहीत नाही. समजावून सांगण्याचा कंटाळा, एवढंच असेल. तात्या शेजारीच उभे होते. परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "पुढं बर्फ आहे, सावकाश घे."

पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणून काही बोलले होते.

काढण्यापेक्षा बसवणं अवघड निघालं. रबर भोकातून आत सरकवून टबाच्या मागे बसवायचं, आणि मागचा पाइप पुढे ओढून धरायचा, म्हणजे स्क्रू त्याच्या आट्यांत जातात. पाइप सोडला की मागे सरकायचा आणि स्क्रू अधांतरी फिरायचा. एकट्याच्या दोन हातांनी ते होईना. शेवटी मी टबाच्या काठावर बसले, पाय आत सोडले. तात्यांनी एका बोटाचा आकडा करून पाइप ओढून धरला, दुसऱ्या हाताने चकती. पेचकस माझ्याकडे. मला पुढे वाकायला पोट आड येत होतं, म्हणून मी तिरकी होऊन काम करत होते.

मध्येच मी थांबले.

"काय झालं?" तात्यांनी लगेच विचारलं. बोट तसंच भोकात.

"काही नाही. लाथ मारली."

"जोरात?"

"बऱ्यापैकी."

"पाय चांगले मारतंय म्हणजे," ते म्हणाले. "पोहणार."

मला हसू आलं. तो धागा धरून मी विचारलं की तुम्ही नदीवर पोरांना पोहायला शिकवायचात ना. सुहासकडून मी ते ऐकलं होतं. आणि तात्या बोलायला लागले. बोट अडकलेलं असल्यामुळे त्यांना उठून जाता येत नव्हतं, असंही असेल. कृष्णेच्या घाटावर उन्हाळ्यात निम्म्या गावाची पोरं त्यांच्या हवाली असत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, पाण्यात सोडायचं, आणि पोर तरंगायला लागलं की त्याला न सांगता डबा सोडवून घ्यायचा. माईलाही त्यांनीच शिकवलं. लग्न झाल्यावर, पहाटे, घाटावर माणसं यायच्या आत. पोहायला ती चांगली शिकली, पण डबा तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

"मी म्हणायचो, अगं, तुला येतंय आता, मी शेजारी आहे की," तात्या म्हणाले. "तर म्हणायची, तुम्ही असा. डबा पण असू द्या."

ते हसले. मी त्यांना तोपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. हसताना सुहाससारखेच दिसायचे.

दुसरा स्क्रू घट्ट बसला. तात्यांनी बोट बाहेर काढलं. ते लाल झालं होतं आणि त्यावर वळ उठले होते. चकती चमकत होती. दांडी वर-खाली करून पाहिली, खाली बूच टक्कन बसलं.

"आता भरून बघायला पाहिजे," मी म्हणाले.

तात्या पेचकस पुसून बाजूला ठेवत होते.

"आणि कुणीतरी आत बसायला पाहिजे. माणूस बसलं की पाणी वर चढतं, तेव्हाच खरं कळेल. मला काही आत्ता यात बसता यायचं नाही." मी त्यांच्याकडे न बघता कागद गोळा करत होते. "तुम्ही बसा. मी खाली जाऊन छत बघते."

त्यांनी अंगठ्याने चकतीवरचे बोटांचे ठसे पुसले. मग हळूच म्हणाले, "बसतो."

मी खाली आले. वर नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. भोकाच्या खाली मी कोरडा कागद अंथरून ठेवला होता. छताकडे बघत मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. कागद कोरडा होता. मी केर काढला, डबे पुसले, पुन्हा पाहिलं. कोरडाच. मला इतका आनंद झाला की आईला फोन करून सांगावंसं वाटलं, पण तिकडे झोपायची वेळ झाली असती. सकाळपासूनच्या धावपळीने पाय सुजले होते. मी खुर्ची ओढली, दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवले आणि डोळे मिटून स्वस्थ बसले.

वर एकदम खळबळ झाली. पाणी उसळलं, दार आपटलं, जिना धडधडला. डोळे उघडले तर तात्या दारात उभे. अंगाला कसाबसा पंचा गुंडाळलेला, अंगावरून पाणी निथळतंय, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? का थांबलीस?"

"कुठे थांबले?"

"चालायची. चालायची थांबलीस."

मला आधी काही कळेना. मी म्हणाले, पाय दुखले म्हणून बसले. तात्यांनी दाराची चौकट धरली. मी उठून सोफ्यावरची चादर आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. ते खुर्चीवर बसले. मी गॅसवर पाणी ठेवलं. टेबलाकडे बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी टब भरला होता. नदीची सवय, शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखी वाटेना. पाण्यात आडवे झाले, कान पाण्याखाली गेले, आणि त्यांना सगळं घर ऐकू यायला लागलं. खाली मी चालत होते, ते ऐकू आलं. कपाटाचं दार, नळ, ताटं. एरवी या घरात वरच्या खोलीत बसलं तर खालचं काही समजत नाही, फार जोरात आवाज झाला तरच. पण पाण्यात पाऊल न पाऊल समजतं. मग ते रोज दुपारी टब भरायला लागले. मी जिना चढून माझ्या खोलीत गेले, पलंग वाजला, की पाणी सोडून द्यायचे.

"काल ते पडलं, तेवढं नुसतं ऐकू आलं," ते म्हणाले. "धप्प. मला वाटलं, तू."

चहाला उकळी आली होती. मी गॅस बंद केला.

"माई गेली तेव्हा मी बाहेरच्या सोप्यात होतो," तात्या म्हणाले. "मॅच चालू होती. रेडिओ मोठा. आत ती पडली, भांडं पडलं असणार, हाक पण मारली असेल. मला काही ऐकू आलं नाही. चहा अजून का आला नाही म्हणून मी उठलो." त्यांनी चादर अंगाभोवती ओढून घेतली. "डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी उपयोग नव्हता. असेल. पण मी भिंतीच्या अलीकडं होतो की."

मी त्यांच्यासमोर बसले. सासऱ्यांच्या समोर असं मी कधी बसले नव्हते.

"सुहासला माहीत आहे हे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आता इथं तुझ्यासाठी म्हणून पाण्यात बसत होतो, तर त्याच पाण्यानं तुझ्या डोक्यावरचं छत पडलं," ते म्हणाले. "दोन पावलं पुढं असतीस तर? म्हणून म्हटलं, जातो. माझ्या असण्यानं काही बरं होत नाही."

समजूत घालण्यासारखं काही बोलले असते तर ते उठून गेले असते, हे मला कळत होतं. म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं.

"तात्या, मला एकटीला या घरात फार भीती वाटते. सुहासला मी कधी सांगितलं नाही. दुपारी मला झोप लागते, ती तुम्ही वर आहात म्हणून लागते. तुम्ही गेलात तर मी झोपणार नाही."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"आणि छत कोरडं आहे," मी म्हणाले. "बघा तरी."

आम्ही दोघांनी वर पाहिलं. भोक होतं तसंच होतं, आतलं लाकूड दिसत होतं, पण खालच्या कागदावर पाण्याचा एक थेंब नव्हता. तात्या उठले, कागद उचलून त्यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि पुन्हा खाली ठेवला.

"टब अजून भरलेला आहे," ते म्हणाले. "घाईत सोडायचा राहिला."

"मग चहा पिऊन परत जाऊन बसा. पाणी गार व्हायच्या आत."

ते गेले. मी मुद्दाम टाचा आपटत स्वयंपाक केला.

रविवारी संध्याकाळी सुहास आला. आधी छताचं भोक पाहिलं, मग वर जाऊन चकती. दांडी वर-खाली करत बराच वेळ उभा राहिला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणाले, आम्ही. त्याने आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. जेवताना त्याने तिकिटाचं काढलं. मंगळवारची जागा मिळत होती, पक्की करू का म्हणून विचारलं. तात्यांनी भाजी वाढून घेतली.

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू," ते म्हणाले. "सूनबाईच्या हातची अजून शेंगोळी खायची राहिलीत."

शेंगोळी मला करता येत नव्हती. ती पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला शिकवली, माई कशी वळायची ते आठवून आठवून.

माईंबद्दलचं ते त्यांनी सुहासला पुढे कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. आमच्या दोघांत मात्र एक ठरून गेलं. दुपारी टब भरल्याचा आवाज आला की मी खाली नेहमीसारखी वावरायचे, आणि बसायचं असलं की आधी नळाच्या पाइपावर चमच्याने दोनदा वाजवायचे. म्हणजे, बसतेय, सगळं ठीक आहे. वरूनही दोन टकटक यायच्या.

गार्गी एप्रिलच्या मध्यावर झाली. दवाखान्यातून आलो तेव्हा नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्या, असं सांगितलं होतं. ती पडली आणि पहिल्या अंघोळीची वेळ आली. मी साबण, टॉवेल पुन्हापुन्हा मांडत राहिले. सुहासने तर बादली भरून दिली आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. दुकानातून आणलेला बाळाचा छोटा प्लास्टिकचा टब होता, पण त्यात ते एवढंसं, निसरडं बाळ कसं धरायचं, मला समजेना.

तात्या आले. त्यांनी धोतर वर खोचलं, कोरड्या टबात उतरले, पाठ टेकली आणि दोन्ही पाय सरळ पसरून जोडून घेतले, गावाकडे बायका बाळाला न्हाऊ घालायला पाटावर बसतात तसे.

"दे इकडं," ते म्हणाले.

मी गार्गीला त्यांच्या नडग्यांवर उपडी ठेवली. त्यांचे ते मोठे, रुंद हात तिच्या पाठीवरून फिरायला लागले, हलके, घाई न करता. एक हात कायम तिच्या हनुवटीखाली होता, तोंड पाण्यापासून वर धरलेलं. निम्म्या गावाची पोरं याच हातांनी पाण्यात धरली होती. मी कोपराने पाणी पाहून तांब्याने घालत होते. गार्गी आधी किंचाळली, मग तिचं रडणं उतरलं, आणि मग एक लांब जांभई देऊन ती त्यांच्या पायांवर सैल पडली.

"झोपली की काय?" सुहासने दाराबाहेरून विचारलं.

तात्यांनी तिला उताणी केली, कपाळावरचं पाणी अंगठ्याने बाजूला सारलं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"माई असती," ते म्हणाले, "तर तिनं मला हातसुद्धा लावू दिला नसता."

आणि पुढच्या तांब्यासाठी त्यांनी माझ्याकडे हात केला.